मेथोट्रेक्सेट कोणी लिहायचं?

2025 च्या जुलैत माझ्या फोनवर दोन भांडणं एकाच वेळी पेटली होती. महाराष्ट्रातल्या बॅचमेट्सच्या ग्रुपवर सीसीएमपी: एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने नोंदणी द्यायची की नाही. पुढे 18 सप्टेंबरला त्यावरून राज्यभर डॉक्टरांचा एक दिवसाचा संपही झाला. इकडे इंग्लंडमध्ये त्याच महिन्यात प्रा. जिलियन लेंग यांचा अहवाल आला. दोन वर्षं शिकून आलेल्या ‘फिजिशियन असोसिएट’ना यापुढे ‘असिस्टंट’ म्हणा, आणि ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर निदान न झालेला पेशंट त्यांच्याकडे पाठवू नका, असं त्यात होतं. दोन्ही ग्रुपवर संताप तोच, फक्त एकीकडे शिव्या मराठीत.

मी इथे संधिवाताचे पेशंट बघतो. माझा आक्षेप दोन्ही बाजूंना आहे, कारण दोघंही कोर्सचे महिने मोजत बसलेत.

आमच्या विभागात मेथोट्रेक्सेट, म्हणजे संधिवाताचं नेहमीचं औषध, बहुतेक वेळा नर्सच सुरू करते. हो, नर्स. औषध लिहिण्याचा कायदेशीर परवाना असलेली, संधिवाताच्या वॉर्डात वर्षानुवर्षं काढलेली. ती पेशंटला समोर बसवून आधी वार ठरवून घेते. ‘मेथोट्रेक्सेट मंडे, फॉलिक फ्रायडे’ हा तिचा मंत्र (फॉलिक म्हणजे सोबत द्यायची जीवनसत्त्वाची गोळी). मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावूही शकतो. म्हणून 2020 पासून इथल्या औषध नियामकाने पेशंटला कार्ड देणं आणि खोक्यावर वार लिहिणं असे नियम आणलेत. डोस स्थिरावेपर्यंत दर दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं, रिपोर्ट बिघडला की तिलाच फोन. तिच्या मागे एक कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, नावानिशी उभा असतो, आणि संधिवात सोडून इतर दुखण्याचं औषध ती लिहीत नाही. माझ्या लेखी सीसीएमपीच्या वादात विचारायचा प्रश्न हाच: मागे कोण उभं आहे, आणि रक्ताचा रिपोर्ट कोण बघतंय?

साताऱ्याकडे माझ्या मावशीला एका दवाखान्यातून कागदी पुड्या मिळायच्या. संध्याकाळपर्यंत बोटं मोकळी, मावशी खूश. वर्षभरात चेहरा गोल झाला, साखर चढली, मणका दबला. पुडीत स्टेरॉइड होतं. ते देणारा होमिओपॅथ नव्हता, चांगला एमबीबीएस होता. त्याने साडेपाच वर्षांत संधिवाताच्या ओपीडीत किती वेळ काढला असेल? बहुतेक कॉलेजांत अशी वेगळी ओपीडी नसतेच.

मग ग्रुपवरचे मित्र म्हणतात, सुपरस्पेशालिटीच्या जागा वाढवा. वाढवा की! पण भिगवणचं उदाहरण बघा. 1996 साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी तिथे सांध्यांच्या दुखण्यांचं ‘कॉपकॉर्ड’ नावाचं सर्वेक्षण केलं. गावातल्याच स्वयंसेवकांना प्रश्नावली शिकवून घरोघर पाठवलं. प्रौढांपैकी सुमारे 18 टक्क्यांना सांधे-स्नायूंचा त्रास निघाला. खरा रुमॅटॉइड, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात, साधारण दोनशेत एकाला. एवढ्यातून तो एक वेळेत हुडकायचा तर तालुक्याच्या डॉक्टरला सुजलेला सांधा आणि नुसता दुखरा सांधा यातला फरक हाताला कळायला हवा. ते काम डीएमवाल्या सुपरस्पेशालिस्टचं नाही, त्याच्यापर्यंत पेशंट पोचायलाच दोन वर्षं जातात. इथे इंग्लंडमधला नियम असा की जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, सांधा खरंच सुजलेला वाटला तर कामाच्या तीन दिवसांत तज्ज्ञाकडे चिठ्ठी जायला हवी आणि तीन आठवड्यांत तज्ज्ञाने बघायला हवं. नेहमी पाळला जात नाही, पण चुकला की राष्ट्रीय ऑडिटमध्ये दिसतो.

इथलं प्रशिक्षण लांबलचक: एमबीबीएसनंतर दोन वर्षं फाउंडेशन, तीन वर्षं मेडिसिन, मग चार वर्षं रुमॅटॉलॉजी, म्हणजे संधिवातशास्त्र. दरवर्षी पोर्टफोलिओची झडती. सांध्यात इंजेक्शन देताना कोणीतरी शेजारी उभं राहून बघतं आणि सही करतं. त्यावर ‘चिंतन’ नावाचा निबंध लिहायला लावतात तो निव्वळ वैताग, पण सही कामाची. आपल्याकडे एमडीनंतरचं डीएम तीन वर्षांत होतं आणि पेशंटांचा रगाडा एवढा की हात लवकर बसतो. बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं, सुरू केल्यावर दडलेला टीबी उफाळू शकतो; म्हणून आधी छातीच्या एक्स-रेत तो दडलाय का, यावर इथले सीनियर मला मुद्दाम बोलावतात. ती नजर मी ससूनच्या कॉरिडॉरमधून आणली, कुठल्या कॉलेजच्या लेक्चरमधून नाही.

ॲलर्जीच्या बाबतीत मात्र दोन्ही देश सारखेच गोंधळलेले. आपल्या डीएमच्या नावात क्लिनिकल इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्तीचं शास्त्र) आणि रुमॅटॉलॉजी आहेत, ॲलर्जी छातीवाले, कान-नाक-घसावाले आणि त्वचावाले यांच्यात वाटून गेलेली. ब्रिटनने उलट ॲलर्जी इम्युनॉलॉजीशी जोडली. अमेरिकेत काही विद्यापीठांत तिन्ही एका छताखाली आहेत, मला तेच पटतं. पुण्यात लॅबवाले सवलतीत आयजीई पॅनेल, म्हणजे ॲलर्जीची रक्ततपासणी, करून देतात, मग पॉझिटिव्ह आलं म्हणून पोराचं दूध, शेंगदाणे, अंडी सगळं बंद. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जी नव्हे, एवढंसुद्धा आई-बापाला कोणी सांगत नाही.

आरोग्य विद्यापीठाने एमडी मेडिसिनच्या प्रत्येक रेसिडेंटला तीन महिने संधिवात-ॲलर्जीच्या ओपीडीत बसवावं आणि त्यासोबत तिथल्या दोन नर्सनाही शिकवावं. जागा वाढवण्यापेक्षा स्वस्तात होईल. नर्स औषधाचा फोन घेणार म्हटल्यावर आमचा ग्रुप पुन्हा पेटेल, तो भाग वेगळा.