सिक्वेल नावडायचा कसा?

एखाद्या फँटसी रोल-प्लेइंग गेमचा पुढचा भाग येतोय असं कानावर आलं, की खेळायची घाई करू नका. आधी मत तयार ठेवा. आधी खेळून मग मत बनवणारेही लोक असतात, नाही असं नाही. पण त्यांचं खेळून होईस्तोवर चुका दुरुस्त करणारा तिसरा पॅच आलेला असतो, किंमत निम्म्यावर आलेली असते आणि भांडण दुसऱ्याच गेमवर सरकलेलं असतं. सत्तर-ऐंशी तासांचा मामला. एवढे तास कुठून आणणार? मत द्यायला दोन मिनिटं लागतात, आणि ती बसमध्ये उभ्याउभ्याही मिळतात.

नवशिक्यांनी सरावासाठी ‘ड्रॅगन एज’ घ्यावं. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअरची ही मालिका. २००९ मध्ये ‘ओरिजिन्स’, २०११ मध्ये ‘ड्रॅगन एज २’, २०१४ मध्ये ‘इन्क्विझिशन’, आणि मग दहा वर्षं वाट बघायला लावून २०२४ मध्ये ‘द वेलगार्ड’. पंधरा वर्षांत चार गेम. हात बसायला एवढे पुरेत.

पहिला भाग निर्दोष होता, यावर ठाम राहा. याला कष्ट काही नाहीत, थोडं विसरावं लागतं इतकंच. ‘ओरिजिन्स’मध्ये जादूगारांचा एक मनोरा आहे. तिथे मध्येच तुम्हाला झोप लागते आणि ‘फेड’ नावाच्या स्वप्नलोकात एकट्याने भटकावं लागतं. उंदीर होऊन बिळातून जा, जळता माणूस होऊन आगीतून जा, परत मागे या, राहिलेलं दार शोधा. हा टप्पा लोकांना इतका प्रिय झाला, की तो आख्खाच्या आख्खा गाळणारा मॉड, म्हणजे गेममध्ये घरच्या घरी केलेला बदल, चाहत्यांनी बनवला आणि तो या गेमच्या अतिशय गाजलेल्या मॉड्सपैकी एक ठरला. ‘तेव्हा गेम कसे जीव ओतून बनवायचे’ असं लिहिताना तो मॉड आपल्याही मशीनवर होता, हे आठवू देऊ नका.

‘तेव्हा कंपन्या अशा लुटत नव्हत्या’ हे वाक्यही हाताशी असू द्या. रात्रीची छावणी, शेकोटी पेटलेली, आणि एक गृहस्थ ओशाळवाणा चेहरा करून उभे. त्यांच्या घराण्याची पूर्वी बदनामी झाली, एक जुनी गढी आहे, तिथे जाऊन सत्य शोधायचंय. तुमचा जीव कळवळतो. तुम्ही ‘चला, येतो’ म्हणता, आणि गेम तुम्हाला नम्रपणे कळवतो की हा भाग वेगळा विकत घ्यावा लागेल. हे २००९ सालचं आहे, निर्लोभ काळातलं. शिवाय लढाई संपली की सगळ्यांच्या तोंडावर रक्ताचे शिंतोडे तसेच राहायचे आणि धुळवड खेळून आल्यासारखी माणसं त्याच तोंडाने प्रेमाच्या गोष्टी करायची. आता त्याला ‘काय वातावरणनिर्मिती होती!’ म्हणायचं.

(निर्दोष नव्हता तरी मोठा गेम होता, हे आपल्यातच राहू द्या. सहा वेगवेगळ्या सुरुवाती होत्या. खाणीखालच्या शहरातला जातीबाहेरचा बुटका म्हणून सुरू करा, नाहीतर शहराच्या वेशीआड कोंडलेल्या वस्तीतला एल्फ म्हणून. पहिला तास वेगळा, आणि पुढेही लोक तुम्हाला त्याच नजरेने बघतात. असं काही पुन्हा फारसं कुणी केलं नाही.)

मी हा गेम २०१० मध्ये पुण्यात पेठेतल्या एका खोलीत खेळलो. चौघांत एक कॉम्प्युटर होता आणि कोण कधी बसणार याचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं होतं. डीव्हीडीवर गेमचं नाव स्केचपेनने लिहिलेलं होतं, यावरून काय ते समजा. पुढच्या वर्षी दुसरा भागही तशाच स्केचपेनी अक्षरात आला. आमच्या रूममेटने तो खेळून दहापैकी शून्य गुण दिले आणि खाली लिहिलं, ‘पैसे वाया गेले.’ कुणाचे, ते लिहिलं नाही. हा आत्मविश्वास अंगी बाणवा.

दुसऱ्या भागावर टीका करणं सोपं आहे, कारण कंपनीने बराच कच्चा माल स्वतःच पुरवलाय. दीड वर्षाच्या आत उरकलेला गेम. गुहा एकच. खलाशांची गुहा, चेटकिणीची गुहा, गुलामांच्या व्यापाऱ्यांची गुहा, सगळ्या त्याच. फरक इतकाच, की या वेळी डावीकडची वाट दगडी फळी लावून बंद, पुढच्या वेळी उजवीकडची. आणि कोपऱ्यातल्या छोट्या नकाशात मात्र बंद केलेल्या खोल्याही इमानदारीत दिसत राहतात. किर्कवॉल शहरात हायटाउनमधले सगळे धनिक म्हाडाच्या सोडतीत लागल्यासारखे एकाच आराखड्याच्या घरात राहतात. कथेत सात वर्षं उलटतात, चौकातली गर्दी आपल्या जागची हलत नाही. चार गुंड मारून श्वास घ्यावा तर आणखी चार आभाळातून टपकतात, त्यांना मारलं की आणखी चार.

इथवर तुमची बाजू भक्कम आहे. खरी परीक्षा पुढे आहे, कारण याच गेममध्ये काही गोष्टी आधीच्या भागापेक्षा सरस आहेत आणि त्या तुमच्या नजरेला पडतील. ताबडतोब मान फिरवा. या भागाचा नायक हॉक हा कुणी निवडलेला महापुरुष नाही. गाव जळालं म्हणून आईला आणि भावंडांना घेऊन परक्या शहरात आलेला निर्वासित आहे. गोष्ट सांगतोय व्हॅरिक नावाचा बुटका, पकडून चौकशीला बसवलेला, आणि तो मधूनमधून चक्क थापा मारतो. सोबती तुमच्याशी पटो न पटो, वैर धरूनही जिवाला जीव देतात. ही सगळी किमया चुकून झाली असावी असा सूर लावा. ‘लेखन बरं आहे, पण गुहा?’ या एका ‘पण’मध्ये सगळं बसतं. नावडतीचं मीठ अळणी असतं. ते चाखून बघायचं नसतं.

आणि हॉकची आई. शहरात बायका नाहीशा होताहेत, घरी पांढऱ्या लिलींचा गुच्छ येतो, आणि तुम्ही कितीही धावलात तरी उशीरच होतो. आमच्या रूममेटने तो प्रसंग तीनदा मागे जाऊन खेळला. वेगळा रस्ता घेतला, वेगळे सोबती नेले, संवाद बदलले. आई वाचत नाही. तशी सोयच ठेवलेली नाही. चौथ्यांदा त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि खाली जाऊन चहा पिऊन आला. त्याच्या शून्य गुणांच्या मजकुरात या प्रसंगाचा उल्लेख नाही. गुहांचा आहे.

गुण देण्याबद्दल थोडं. मेटाक्रिटिक या गुण गोळा करणाऱ्या वेबसाइटवर समीक्षकांनी या दुसऱ्या भागाला शंभरपैकी ऐंशीच्या आसपास दिले आणि जनतेने दहापैकी पाचसुद्धा नाही. तुम्ही जनता आहात, दोन आकडे विचारात घ्या : शून्य आणि दहा. मधले आकडे घाबरटांसाठी आहेत. दहा देणाऱ्यांत तेव्हा बायोवेअरचाच एक कर्मचारी सापडला होता. त्यावर प्रकाशक ईएचं म्हणणं असं पडलं, की ओबामांनीही स्वतःलाच मत दिलं असणार. पुढे २०२० पासून गेम आल्यावर ३६ तास गुण नोंदवूच द्यायचे नाहीत, असा नियम मेटाक्रिटिकने केला. म्हणजे लोकांनी आधी खेळावं. या ३६ तासांत नीट झोप काढा आणि शून्य ताजेपणी द्या. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात अडचण वेगळी : तिथे गेम घ्यावा लागतो आणि किती तास खेळलात तेही नावाखाली छापून येतं. अर्ध्या तासात ‘आत्माच हरवलाय’ म्हणणाऱ्याला शितावरून भाताची परीक्षा म्हणता येईल. मला मात्र आदर वाटतो तो आठशे तास खेळून ‘घेऊ नका’ लिहिणाऱ्यांचा. एवढा भात खाऊन शीत कच्चं निघाल्याची तक्रार करायला मोठं पोट लागतं.

नाराजी कलात्मकपणेही दाखवता येते. बायोवेअरच्याच अंतराळातल्या मालिकेचा, ‘मास इफेक्ट’चा, तिसरा भाग २०१२ मध्ये संपला तेव्हा शेवटाला तीन रंगांचे पर्याय होते आणि तिन्हींत फरक जेमतेम. चाहत्यांनी वर्गणी काढून कंपनीला चारशेच्या आसपास कपकेक पाठवले : लाल, हिरवे, निळे, आणि चव सगळ्यांची एकच. गणेशोत्सवाच्या वर्गणीत वाढलेल्या माणसाला या टोल्याची किंमत कळते.

तिसऱ्या भागाच्या वेळी मात्र सावध राहा, कारण कंपनीने तुमचं ऐकलेलं असेल. एक शहर, एक गुहा म्हणून ओरडलात ना? घ्या मग. ‘हिंटरलँड्स’ नावाचा पहिलाच प्रदेश इतका मोठा, की लोक तिथेच अडकून राहिले. याची मेंढी शोध, त्याचं ब्लँकेट पोचव, दिसेल तिथे एल्फरूट नावाची वनस्पती उपट. शेवटी ‘अहो, ते हिंटरलँड्स सोडा आणि पुढे जा’ असं एकमेकांना सांगायची पाळी आली. टेबलावर मोहिमा लावायच्या आणि निकालाला खरोखरचे तास मोजत बसायचे. आता तुमची तक्रार अशी : ‘पसारा फार, नेमकेपणा नाही. दुसऱ्या भागात निदान एक शहर होतं, घट्ट गोष्ट होती.’ हो, तोच दुसरा भाग. हे म्हणताना चेहरा सरळ ठेवायचा सराव आरशासमोर करा. ‘इन्क्विझिशन’ला २०१४ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान मिळाला, तर पुरस्कारांना काही अर्थ राहिला नाही असं म्हणा. पात्रांचे केस प्लॅस्टिकसारखे दिसतात हेही नोंदवा. ते खरंच दिसतात.

चौथ्याचं काय सांगावं! नावापासून सुरुवात. आधी ‘ड्रेडवुल्फ’ जाहीर केलं, गेम येण्याआधी काही महिने ‘वेलगार्ड’ केलं. तिथेच निम्म्यांचं मत पक्कं झालं. केस या वेळी इतके सुंदर, की एकेक बट वाऱ्यावर सुटी हलते. दहा वर्षांपूर्वीच्या तक्रारीची एवढी दखल घेतली म्हणून तुम्ही उदार होऊ नका. मागच्या तीन गेम्समध्ये तुम्ही राजे बसवले, राजे उतरवले, मित्र मारले. त्यातले इथे उरले तीन निर्णय, तेही सगळे ‘इन्क्विझिशन’चे. लढाईत सोबती दोनच न्यायचे, आणि ते मरतही नाहीत. ही तक्रार रास्त आहे, म्हणूनच ती आवाजात बुडाली. कारण मालिका कधीच न खेळलेला एक जथा एका पात्राच्या लिंगओळखीवरून आकांडतांडव करत आला, ‘पूर्वी या मालिकेत असलं काही नव्हतं’ म्हणत. त्या निर्दोष पहिल्या भागात छावणीत झेव्हरान बसलेला असायचा, बाई-पुरुष काही न बघता सगळ्यांवर लाइन मारत. तिसऱ्या भागात क्रेम हा ट्रान्स पुरुष होता. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या ओळखू याव्यात ही अपेक्षा कशाला?

मत पोचतं कुठे, हेही जाणून घ्या. जानेवारी २०२५ मध्ये ईएने सांगितलं की गेम आला त्या तिमाहीत ‘वेलगार्ड’ला १५ लाख खेळाडू मिळाले, अपेक्षेच्या जवळपास निम्मे. तुम्ही म्हणत होतात संवाद पोरकट आहेत, जुने निर्णय वाऱ्यावर सोडले, जग गुळगुळीत केलं. मुख्य अधिकारी अँड्र्यू विल्सन यांनी गुंतवणूकदारांसमोर अर्थ लावला तो असा, की खेळाडूंना हल्ली सगळ्यांनी मिळून खेळायच्या सामायिक जगाची ओढ आहे. तुम्ही भाजी खारट झाली म्हणालात, आतून आवाज आला, ‘हो का, मग पंगत वाढवू.’ बायोवेअरमधली अनेक माणसं त्याच सुमारास बाहेर पडली, त्यांत या गोष्टी लिहिणारेही होते. शून्य देताना एवढा विचार कोण करतो? आणि तुम्हीही करू नका, हात थरथरतो.

आमचा तो रूममेट आता न्यू जर्सीत असतो. परवा रात्री त्याचा फोन आला. त्याच्याकडे दुपारच्या जेवणाची वेळ असावी, मागून मायक्रोवेव्हचा आवाज येत होता. म्हणाला, ‘ती पेठेतली जुनी हार्डडिस्क आहे का रे तुझ्याकडे?’

‘माळ्यावर असेल. का?’

‘त्यात हॉकची सेव्ह असेल बघ. लिली यायच्या आधीची.’

‘अरे, गेम स्टीमवर घे ना नवा. सेलमध्ये स्वस्तात मिळतो.’

‘घेतलाय. पण तो हॉक माझा नाहीये.’

मग मी स्टूल घेतलं, माळ्यावर चढलो, आणि धूळ झटकताझटकता विचारलं, त्या दिलेल्या शून्याचं आता काय? बदलणार का?

‘ते कशाला?’ तो म्हणाला. ‘गुहा तीच होती की.’