हॉस्टेलच्या पत्त्यावर पत्र टाका

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जावं.

लेक पुण्यात फर्स्ट इयरला आहे, हॉस्टेलवर राहते. गणपती झाल्यावर मी तिला एक पत्र टाकलं होतं. साधं निळं आंतर्देशीय. फोन रोज होतो, तरीही टाकलं. ती त्याविषयी काही बोलली नाही, मी विचारलं नाही. आज भेटायला गेलो तेव्हा सहज विषय काढला, तर म्हणाली, "कुठलं पत्र, बाबा?"

गेटवरच्या केबिनमध्ये चौकशी केली. तिथल्या माणसाने टेबलाखालचा पुठ्ठ्याचा खोका पायाने पुढे ढकलला. "पार्सल आलं की मुलींना मेसेज जातो. कागदं ह्यात टाकतो." खोक्यात बँकांची पाकिटं, कसल्याशा संस्थेची मासिकं, एक न उघडलेलं राखीचं पाकीट आणि तळाला माझं पत्र. त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग.

कुणाच्या तरी बहिणीची राखी त्या खोक्यात पडून आहे. राखीपौर्णिमा कधीच होऊन गेली.

त्या माणसाला बोलून उपयोग नाही, त्याला जे सांगितलंय ते तो करतो. पण त्याच केबिनमागे पार्सलांसाठी लोखंडी रॅक आहेत, नंबर टाकलेले, वर कॅमेरा. बूट, चार्जर, खाण्याचे डबे यांची एवढी बडदास्त, आणि पत्राला एक फळी मिळत नाही? लाखाच्या घरात फी घेता ना? पोस्टमनने त्याचं काम चोख केलं, पत्र गेटपर्यंत आणून दिलं. तिथून पुढची पन्नास पावलं कॉलेजला जमली नाहीत.

राग का आला ते सांगायचं तर कराडला जावं लागेल. मी तिथे इंजिनिअरिंगला होतो, सिव्हिलला, १९९१ साली गेलो. जत तालुक्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्या महिन्यात वर्गात काय चाललंय याचा पत्ता लागायचा नाही. सर फळ्यावर आडवी रेघ मारायचे, खाली दोन त्रिकोण काढायचे, इंग्रजीत काहीतरी बोलायचे आणि पोरं माना डोलवायची. मी पण डोलवायचो. रात्री कॉटवर पडलं की एकच विचार, ट्रंक उचलावी आणि गाव गाठावं.

हे सांगणार कुणाला? आमच्या घरी फोन नव्हता, ताईच्या सासरी तर नव्हताच. शहरातली पोरं रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा म्हणून एसटीडी बूथवर रांग लावायची. आमच्यासारख्यांना पोस्ट. मी ताईला लिहिलं की मला इथलं काही कळत नाही, मी परत येतो.

ताई माझ्यापेक्षा मोठी आणि माझ्यापेक्षा हुशार. दहावीला चांगले मार्क होते, पण लग्न लावून दिलं आणि सांगोल्याकडच्या गावात गेली. माझं शिक्षण झालं, तिचं थांबलं. ह्यावर मी कितीही वेळा लिहिलं तरी ते कमीच.

आमच्या हॉस्टेलला रेक्टर ऑफिसबाहेर लाकडी कप्प्यांची मांडणी होती, आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. पोस्टमन दुपारी यायचा. लेक्चर सुटलं की पोरं मेसच्या आधी तिकडे वळायची. कप्प्यात हात घालून गठ्ठा चाळायचा, दुसऱ्यांची पत्रं नीट परत ठेवायची, मजल्यावरच्या कुणाचं असेल तर वर घेऊन जायचं. अक्षर लांबूनच ओळखू यायचं. ज्याचं आलं तो तिथे फोडायचा नाही, खिशात घालायचा. जेवून, खोलीत जाऊन, दार लावून मग. ज्याचं आलं नाही तो उगीचच नोटीस बोर्ड वाचत उभा राहायचा. मी दोन्ही केलंय.

ताईचं उत्तर आलं. "चि. भाऊस ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र मिळाले. परत यायचे असेल तर ये, घर तुझेच आहे. पण त्याआधी सर काय शिकवतात ते मला एका पत्रात मराठीत लिहून पाठव. मला कळले तर समज तुला कळले."

बास. ना धीर सोडू नकोस, ना आईबापाच्या कष्टांची आठवण. मी चिडलोच आधी. मग पुस्तक काढून बसलो. आडवी तुळई, दोन टोकांना आधार, मध्ये कुठेतरी ओझं. प्रत्येक आधारावर भार किती जातो? जे सरांना इंग्रजीत विचारायचा धीर झाला नव्हता ते मराठीत उतरवता उतरवता रात्र गेली. आंतर्देशीय पुरलं नाही, पाकीट घ्यावं लागलं.

त्यावर तिचं उत्तर, शब्द जसेच्या तसे सांगू शकतो: "आम्ही जावा-जावा बांबूला हंडा अडकवून पाणी आणतो. हंडा मधोमध असला की दोघींना सारखे ओझे. तो माझ्याकडे सरकला की माझा खांदा दुखतो आणि ती मोकळी चालते. तू एवढे लिहिलेस ते हेच ना?"

हेच होतं, तंतोतंत. त्यानंतर कुठलाही बीम बघितला की मला दोन बायकांचे खांदे दिसतात, आणि आकडेमोड कधी चुकली नाही. आज पस्तीस वर्षं होत आली, पुलांची कामं केली, तरी तसंच.

आणखी एक. ताईकडे डिंक नसायचा. ती आंतर्देशीयाची घडी भाताच्या शितांनी चिकटवायची. शितं वाळून अशी घट्ट बसायची की उघडताना कागद फाटायचा आणि त्याबरोबर दोन-चार शब्द जायचे. त्या पत्रात नेमका "खांदा" गेला होता. "माझा" आणि "दुखतो" याच्यामध्ये नुसतं भोक. तो शब्द मी भरला.

आता म्हणाल, फोन आहे की. आहे, मान्य. घरी कुणी आजारी असलं की फोनच हवा. तार आली की उघडायच्या आधीच हात कापायचे, आणि कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं की कुणीतरी गेलं हे कळायचं, वाचायची गरज नसायची. ते दिवस मला परत नकोत. मनिऑर्डरची वाट बघत मेसचं बिल थकवणं तर अजिबातच नको. पण त्या मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, निरोप लिहायला. आमचे वडील समोर बसून कधी दोन वाक्यं बोलले नाहीत, कुपनावर मात्र लिहायचे. "पाऊस झाला. शाळू चांगला. तब्येत संभाळ." पैसे त्याच दिवशी मेसला जायचे. कुपनं ट्रंकेत राहिली. आज मी लेकीला यूपीआयने पैसे पाठवतो, ते क्षणात पोचतात आणि तिला त्यातून एवढंच कळतं की पैसे आले.

व्हिडिओ कॉलवर आपण काय करतो, खरं सांगा. जेवलीस का? अभ्यास? मागे कोण आहे? ती म्हणते, सगळं ठीक. एकोणीस वर्षांचं पोर रूममेटसमोर आणखी काय म्हणणार? आणि आपणही तिच्या तोंडावर आपल्या मनातलं बोलत नाही, बोलता येत नाही. पत्रात हजेरी नसते. ते तुम्ही तुमच्या सोयीने लिहिता, ती तिच्या सोयीने वाचते. रात्री दोन वाजता, सगळं अंगावर आलेलं असताना, आपण झोपलेलो असतो. पत्र तेव्हाही उशाशी असतं.

आजच्या मुलांना पत्रबित्र नको असतं, असं छातीठोक सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तुम्ही पाठवून बघितलंत का एकदा तरी? माझी लेक आज ते डाग पडलेलं पत्र घेऊन हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बसली. मी दहा पावलांवर उभा होतो, तिने वर बघितलं नाही. पहिल्यांदा वाचलं, मग परत पहिल्या ओळीपासून. आत काय लिहिलं होतं ते इथे सांगणार नाही. मग तिने विचारलं, "आत्याचा पत्ता काय?"

ताई व्हॉट्सअॅपवर आहे. लेकीकडे नंबर आहे. तिने पत्ता विचारला.

(लिहिता लिहिता राग जरा उतरला. पण त्या राखीचं आठवलं की पुन्हा चढतो.)

संक्रांतीला पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून शुभेच्छापत्र यायचं, आठवतंय का कुणाला? पोस्टाच्या शिक्क्याखाली निम्म्याचा चुरा झालेला असायचा. तो चुरा आम्ही सहा-सहा जणांत वाटून खाल्लाय. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तार तर २०१३ मध्येच बंद झाली. कार्ड आणि आंतर्देशीय अजून मिळतं. कार्ड पन्नास पैसे, आंतर्देशीय अडीच रुपये. लेकराला कॉफी पाजायला दोनशे मोडणाऱ्यांनो, अडीच रुपये.

कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रेक्टरबाईंना भेटून आलो. कप्प्यांची मांडणी माझ्या खर्चाने करून देतो म्हटलं, फक्त ऑफिसबाहेर भिंत द्या. "बघू," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. ती राखी मात्र जिच्या नावाची होती त्या मुलीला आजच दिली. खोली शोधायला लेकीने मदत केली.

ज्यांची मुलं बाहेरगावी शिकतायत त्यांनी ह्या रविवारी बसा. काय लिहू म्हणून अडू नका. पाऊस किती झाला, शेजारी कोण आलं-गेलं, तुम्ही त्या वयात कशाला घाबरत होता, एवढं पुरतं. पिनकोड घाला, सगळे सहा आकडे. एकाच नावाची गावं ढिगाने असतात, म्हणून तर आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो चालू आहे. संस्कृतात कविता करणारा माणूस, पोस्टात नोकरी केली आणि पत्रं नीट पोचावीत ह्याची सोय करून गेला. तुम्ही निदान पत्ता पूर्ण लिहा. नाव, खोली नंबर, मजला, हॉस्टेलचं नाव. आणि टाकल्यावर मुलांना फोन करून सांगा, गेटवर जाऊन विचार. मी तेवढं केलं नव्हतं, कारण कराडला ते कधी करावं लागलं नाही.