किण्वन चालू असतानाही बिअरला उजेड बाधतो

१९७८ च्या केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाल्यापासून घरी बिअर बनवण्याची हौस अमेरिकेत चांगलीच रुजली आहे (महाराष्ट्रात विनापरवाना असे करणे गुन्हा आहे, हे आधीच सांगितलेले बरे). या हौशी मंडळींत एक सल्ला फार फिरतो: उजेडाची काळजी बिअर बाटलीत भरल्यावर करावी, किण्वन चालू असताना काचेचा कारबॉय (बिअर आंबवण्याची मोठी बरणी) खिडकीपाशी ठेवला तरी काही बिघडत नाही. त्याच्या समर्थनार्थ जी कारणे दिली जातात, त्यांत कुठे कुठे अर्धे सत्य आहे, पण पुरते टिकणारे एकही नाही.

पहिले कारण असे की, उजेडाने बिघडते ती तयार बिअर, आंबत असलेली नव्हे. बिघाड होतो कसा, हे पाहिले की यातला फोलपणा कळतो. हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती एका वेलीची फुले) उकळताना त्यांतल्या अल्फा आम्लांचे रूपांतर आयसो-अल्फा आम्लांत होते आणि बिअरचा कडूपणा मुख्यतः त्यांच्यामुळे येतो. माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) आलेले रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, निळा प्रकाश शोषून घेते आणि ती ऊर्जा या आम्लांची एक बाजूची साखळी तोडण्यास कारणीभूत ठरते. तुटलेला तुकडा गंधकयुक्त घटकाशी जोडला जाऊन एक उग्र वासाचा थायॉल (गंधकाचे संयुग) तयार होतो. अमेरिकेतल्या स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यात याच जातकुळीची संयुगे असतात. आता हिशेब करावा: कडू आम्ले उकळतानाच तयार झाली, रायबोफ्लेविन आधीपासूनच होते आणि गंधकाची संयुगे तर आंबताना यीस्ट स्वतःच सोडते. मग बाटलीची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

दुसरे कारण असे की, वास निर्माण झालाच तर यीस्ट तो साफ करते किंवा एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या बुचातून) कार्बन डायऑक्साइडबरोबर तो निघून जातो. यीस्ट डायअॅसिटिल हे आंबताना तयार होणारे लोण्यासारख्या वासाचे संयुग परत शोषून घेते, हे खरे. परंतु एका संयुगाची गोष्ट दुसऱ्याला लावता येत नाही. वायूबरोबर थोडा थायॉल जाईलही, पण तो लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढा उरला तरी नाकाला कळतो. शिवाय जोरात बुडबुडे येतात ते पहिले काही दिवस, आणि बिअर मात्र त्यानंतरही कित्येक दिवस त्याच कारबॉयमध्ये निवळत बसते.

गढूळपणामुळे उजेड आत शिरत नाही, हे म्हणणे मधोमध असलेल्या द्रवापुरते बरोबर आहे. पण किण्वन ऐन भरात असताना काचेजवळ डोळा नेऊन पाहावे: यीस्टचे पुंजके सतत वर-खाली फिरताना दिसतात. म्हणजे आतला द्रव पाळीपाळीने काचेशी येतच असतो, आणि यीस्ट तळाशी बसल्यावर तर तो आडोसाही जातो.

खिडकीची काच अतिनील किरण अडवते, म्हणून घरात धोका नाही, असेही सांगितले जाते. काच अतिनील किरणांचा काही भागच अडवते. निळा प्रकाश तिच्यातून सरळ आत येतो, आणि रायबोफ्लेविनला तेवढा पुरतो. ट्यूबलाइटच्या उजेडात हीच क्रिया बरीच सावकाश होते, तेव्हा एअरलॉक पाहायला खोलीतला दिवा क्षणभर लावल्याने बिघडत नाही.

खरा दोष उष्णतेचा, हे मत बहुधा ऊन आणि उष्णता एकत्र येतात म्हणून पसरले असावे. उष्णतेने आणि ऑक्सिजनने बिअर शिळी होते खरी, पण तेव्हा येणारी चव ओल्या पुठ्ठ्यासारखी असते. तो बिघाडच वेगळा. शंका असेल त्याने साध्या हॉप्सची एकच बिअर दोन पारदर्शक पेल्यांत ओतावी, एका पेल्याला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळावे आणि दोन्ही अर्धा तास उन्हात ठेवून वास घ्यावा.

राहिला शेवटचा युक्तिवाद, पारदर्शक बाटलीत विकल्या जाणाऱ्या बिअरचा. मिलर हाय लाइफसारख्या बिअरमध्ये हॉप्सचा रासायनिक प्रक्रिया करून बदललेला अर्क वापरतात, ज्यातून हा थायॉल तयार होत नाही. घरी साधे हॉप्स उकळणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. त्याने कारबॉयवर जुना काळा टी-शर्ट चढवावा. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बादलीवरही आंधळा भरवसा नको: रिकाम्या बादलीत टॉर्च लावून अंधारात बाहेरून पाहावे, आणि भिंतीतून उजेड दिसला तर तिलाही तसाच कपडा गुंडाळावा.