हाड कुणी जपलं?

२०२४ च्या एप्रिलमध्ये 'वासुकी इंडिकस'ची बातमी आली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत मिळालेले २७ मणके आयआयटी रुरकीच्या देबजित दत्ता आणि सुनील वाजपेयी यांनी अभ्यासले होते. ते निघाले सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या एका सापाचे, अंदाजे ११ ते १५ मीटर लांबीच्या. नाव दिलं शंकराच्या गळ्यातल्या वासुकीचं. मामा म्हणाले, समुद्रमंथन खरंच घडलं होतं, हा घ्या पुरावा. मावसबहीण म्हणाली, शास्त्रीय शोधाला पुराणातलं नाव देणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी.

मी स्लोव्हेनियात, ल्युब्लियानाला राहते. या शहराच्या बोधचिन्हावर ड्रॅगन आहे, १९०१ सालच्या पुलाच्या चारही कोपऱ्यांवर पंख उभारलेले ड्रॅगन बसलेले आहेत. इथे बसून तो वाद वाचताना मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की त्या मणक्यांची चौकशी कुणीच केली नाही. ते कुठे ठेवलेत, खाणीत आणखी काही आहे का, असलं तर त्याचं काय होणार, याबद्दल एक अक्षर नाही.

मामांचं म्हणणं टिकत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तो साप वळवळत होता तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता, मग त्याची आठवण पुढच्या पिढ्यांना सांगणार कोण? पण बहिणीची भीतीही मला पटत नाही. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५८ मध्येच सरड्यांच्या एका गटाला 'ड्रॅको', म्हणजे ड्रॅगन, हे नाव देऊन टाकलं. त्यातला एक गोव्यापासून केरळपर्यंतच्या सह्याद्रीत राहतो, पोफळीच्या बागांतही दिसतो. लांबलेल्या बरगड्या फाकवून त्यांवरची कातडी ताणतो आणि या खोडावरून त्या खोडावर तरंगत जातो. इंडोनेशियातल्या कोमोडोची तीन मीटरपर्यंत वाढणारी घोरपड तर जगभर ड्रॅगन म्हणूनच ओळखली जाते. त्या नावांपायी कुणी आग ओकणाऱ्या प्राण्यांवर विश्वास ठेवू लागलं नाही. उलट नावामुळे माणसं थांबून बघतात, आणि त्या प्राण्यांना त्याचीच गरज आहे.

इथून डोंगर ओलांडून उत्तरेला गेलं की ऑस्ट्रियातलं क्लागनफुर्ट लागतं. तिथल्या मुख्य चौकात 'लिंडवुर्म'चा, म्हणजे त्या शहराच्या ड्रॅगनचा, सोळाव्या शतकाच्या अखेरीस घडवलेला प्रचंड दगडी पुतळा आहे. त्याचं डोकं ज्या कवटीवरून घडवलं असं सांगतात, ती चौदाव्या शतकात जवळपासच सापडली होती आणि ती मारलेल्या ड्रॅगनचीच, याबद्दल लोकांच्या मनात शंका नव्हती. १८४० मध्ये फ्रान्झ उंगर या शास्त्रज्ञाने ती ओळखली. हिमयुगातल्या लोकरी गेंड्याची कवटी होती ती. समज साफ चुकीचा होता, पण त्या समजापायीच गावाने ती शतकानुशतकं सांभाळली, म्हणून उंगरच्या हाती लागली. पुढे कुणी पुतळा पाडला नाही, आणि कवटी ड्रॅगनचीच आहे असा हट्टही कुणी धरला नाही.

पानंध्रोचे मणकेही २००५ मध्येच मिळाले होते आणि सुरुवातीला मगरीसारख्या प्राण्याचे वाटले होते. ओळख चुकली, तरी जपले गेले. माझ्या दृष्टीने त्या बातमीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

ड्रॅगनचं पाण्याशी असलेलं नातं आपल्याला नवं नाही. ऋग्वेदातला वृत्र पाणी अडवून बसतो, इंद्राने त्याला वज्राने मारल्यावर नद्या मोकळ्या होतात. चीनचा ड्रॅगन पाऊस आणतो. कालियाला तर कृष्ण मारतही नाही, यमुना सोडून समुद्राकडे जायला सांगतो. (या साऱ्या कथांत मला हीच सर्वांत जवळची वाटते. विषारी जीवालाही राहायला जागा मिळते तिच्यात.) ल्युब्लियानाजवळच्या व्र्हनिका गावाबाहेर लिंटव्हर्न नावाचा झरा आहे. तो मध्येच उसळायचा, आणि लोक म्हणायचे की डोंगराच्या पोटातला ड्रॅगन पाणी बाहेर लोटतो. वाल्वासोर या विद्वानाने १६८९ च्या आपल्या ग्रंथात ही समजूत नोंदवली, आणि पाण्याबरोबर बाहेर आलेल्या ड्रॅगनच्या पिल्लाची हकिगतही.

ते पिल्लू म्हणजे प्रोटियस, चुनखडीच्या गुहांतल्या पाण्यात राहणारा आंधळा जलचर. पोस्तोयनाच्या गुहेत मंद उजेडात ठेवलेले प्रोटियस मी काचेतून पाहिले आहेत. वीतभर लांबीचं, माणसाच्या कातडीसारखं फिकट गुलाबी अंग, डोळ्यांच्या जागी सपाट कातडी, मानेच्या दोन्ही बाजूंना लालबुंद कल्ल्यांचे झुपके. बराच वेळ तो हलतच नाही. काही वर्षं अन्नाशिवाय काढू शकतो आणि शंभर वर्षांपर्यंत जगू शकतो असा अंदाज आहे. २०१६ मध्ये तिथे एका मादीच्या अंड्यांतून २२ पिल्लं बाहेर आली तेव्हा सगळा देश त्या टाकीकडे डोळे लावून बसला होता. इथली मुलं आजही त्यांना ड्रॅगनची बाळं म्हणतात, आणि त्याच मुलांना ते उभयचर आहेत हेही ठाऊक असतं.

इथलं सगळं आदर्श आहे असं मात्र नाही. प्रोटियसची काळी जात फक्त बेला क्रायिना या भागात सापडते, आणि तिथल्या क्रुपा नदीच्या उगमात कारखान्यातून आलेलं पीसीबी या घातक औद्योगिक रसायनाचं विष १९८० च्या दशकात उघडकीला आलं. ते अजून पुरतं गेलेलं नाही. कथा असली म्हणजे प्राणी आपोआप वाचतो असं नाही. पण पाणी बिघडल्यावर लोक चिडतात, कारण त्यात कोण राहतं हे त्यांना माहीत असतं.

आपल्याकडची घोरपड आठवली की जीव तुटतो. गडाला चिकटणारी यशवंती आपण पोवाड्यांत मिरवतो, घोरपडे आडनाव अभिमानाने लावतो. त्याच घोरपडीच्या नराचं जननेंद्रिय सुकवून 'हत्ताजोडी' नावाची दुर्मीळ मुळी म्हणून विकलं जातं. जोडलेल्या हातांसारखा आकार, तिजोरीत ठेवली की बरकत येते म्हणे. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तिच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. तरीही ती मारली जाते. मामांच्या श्रद्धेला आणि बहिणीच्या विवेकाला इथे एकत्र उभं राहता येईल. देवघरात मारलेल्या जनावराचा अवयव नको असं श्रद्धाळू माणूसही म्हणेल, आणि ती मुळी नाहीच हे विज्ञान दाखवून देतं.

जीवाश्मांची स्थिती तर याहून नाजूक. भूवारसा स्थळं आणि भूअवशेष यांच्या जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला. त्यात सगळे अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे एकवटतील, विद्यापीठांतल्या संशोधकांचे हात बांधले जातील, अशा हरकती जीवाश्मतज्ज्ञांनीच घेतल्या होत्या. त्या मला रास्त वाटतात. मामांना आणि बहिणीला मी तो मसुदा आणि त्यावरच्या हरकती दोन्ही पाठवल्या आहेत, आणि वासुकी खरा की खोटा हा वाद बाजूला ठेवून आपल्या खासदारांना पत्र लिहा, त्या विधेयकाचं काय झालं ते विचारा, अशी विनंती केली आहे.