‘विजेची गाडी आली की रेसिंग गेम मेला’ या मजकुराला उत्तर

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या गेम खेळणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांमधून गेले काही दिवस एक मजकूर फिरतो आहे आणि तो मला चार वेगवेगळ्या ठिकाणांहून आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : रेसिंग गेममध्ये इलेक्ट्रिक गाड्या घालणे म्हणजे शर्यतीचा जीव काढून घेणे होय, या गाड्यांना आवाज नाही, गिअर नाहीत, त्यामुळे चालवणाऱ्याचे कसब उरत नाही, त्यांची बॅटरी मध्येच संपते, चार्जिंगला अर्धा तास लागतो म्हणून गेम कंटाळवाणा होईल, खऱ्या शर्यतीत त्यांना कोणी विचारत नाही, आणि हे सगळे कंपन्यांच्या जाहिरातीसाठी चालले असून उद्या आपल्या आवडत्या पेट्रोलच्या गाड्या गेममधून काढल्या जातील. मजकूर लिहिणाऱ्याने रेसिंग गेम भरपूर खेळले आहेत हे दिसते, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले.

आवाजाचा मुद्दा आधी घेतो, कारण तेवढाच एक मुद्दा मनापासून लिहिलेला आहे आणि त्यात तथ्यही आहे. पेट्रोलच्या गाडीत डॅशबोर्डवरच्या आकड्यांकडे न बघता नुसत्या कानाने गिअर बदलता येतो, वळणाच्या आधी वेग किती उतरला याचा अंदाज इंजिनाच्या सुरावरून येतो, आणि विजेच्या गाडीत ही सोय जाते. मात्र इंजिन गप्प झाले की त्याच्याखाली दबलेला टायरचा आवाज वर येतो, आणि पकड सुटण्याच्या बेतात आहे हे सांगणारा आवाज टायरचाच असतो, इंजिनाचा नव्हे. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले तेव्हा डिझेलच्या धडधडीशिवाय गाडी गाडीच वाटत नाही, अशी कुरकुर आमच्या घरात काकांनी केली होती. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात डिझेलचा धूर खात प्रवास केलेला माणूस ही तक्रार कशी करू शकतो, हे मला तेव्हाही कळले नव्हते. तेच काका आता फलाटावर पाठमोरे बसलेले असतानाही विजेच्या इंजिनाचा चढत जाणारा सूर ऐकून गाडी हलल्याचे सांगतात. कानाला नवे शिकायला वेळ लागतो, एवढाच याचा अर्थ.

गिअर नाहीत म्हणून कसब नाही, हे विधान मात्र तपासून पाहण्याजोगे होते, आणि आम्ही ते तपासले. दिवाळीच्या सुट्टीत भाचा लांज्याहून आला होता. ‘स्पीड ड्रीम्स’ हा मुक्त स्रोताचा, म्हणजे ज्याच्या फाइल आणि कोड कोणालाही बदलता येतात असा, रेसिंग गेम आहे. त्यात गाडीचे इंजिन म्हणजे एका एक्सएमएल फाइलमधला तक्ता असतो : इंजिनाच्या मिनिटाला अमुक फेऱ्यांना अमुक टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर. पेट्रोलच्या गाडीत हा टॉर्क खालच्या फेऱ्यांना बेताचा असतो, मध्ये चढतो आणि शेवटी उतरतो. विजेच्या मोटरचा टॉर्क शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण असतो आणि एका मर्यादेनंतर फेऱ्या वाढतात तसा घटत जातो. आम्ही तक्त्यातले आकडे त्याप्रमाणे बदलले, सहा गिअरचे गुणोत्तर पुसून एकच ठेवले, इंजिन ब्रेकचा, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी आपोआप मंदावण्याचा, गुणांक वाढवला आणि गाडीचे वजन काही शे किलोंनी वाढवले. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. पोर्शची टायकान ही विजेची गाडी २०१९ साली आली तेव्हा तिची ९३.४ किलोवॅट-तासांची बॅटरी एकटीच सुमारे ६३० किलोंची होती आणि गाडीची टर्बो एस ही आवृत्ती २,३०० किलोंच्या आसपास जात होती. टायर मात्र आम्ही तेच ठेवले.

सरळ रस्त्यावर भाच्याने सगळ्यांना मागे टाकले, आणि पहिल्याच वळणाला तो थेट वाळूत गेला. “मामा, ही थांबतच नाय!” असे तो म्हणाला, पण गाडीचे ब्रेक चोख होते. टायरवरचा भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नाही, त्यामुळे जड गाडीला वळणाआधी बरेच लवकर थांबवायला घ्यावे लागते. तिसऱ्या फेरीत त्याने ब्रेकची जागा बदलली. मग वळणातून बाहेर पडताना पूर्ण टॉर्क एकदम मिळाल्याने मागची चाके गरगर फिरली आणि गाडी उलटे तोंड करून उभी राहिली. पेट्रोलच्या गाडीत चुकून वरचा गिअर पडला असता तर गाडी नुसती रेंगाळली असती. इथे उजव्या पायाची प्रत्येक घाई लगेच भोवत होती. संध्याकाळपर्यंत त्याला एकही फेरी स्वच्छ काढता आली नाही. कसब संपले म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग घरी करून पाहावा, त्याला एक पैसाही खर्च नाही. शिवाय हाच मजकूर पुढे ढकलणारी निम्मी मुले मोबाइलवर ‘अस्फाल्ट लेजेंड्स’ (पूर्वीचा ‘अस्फाल्ट ९’) टचड्राइव्ह लावून खेळतात, ज्यात गाडी वळवण्याचे कामही गेमच करतो. त्यांनी गिअरसाठी गळा काढावा याची मला गंमत वाटते. आणि सर्वच विजेच्या गाड्यांना एकच गिअर असतो, हेही खरे नाही. टायकानच्या मागच्या ॲक्सलवर दोन गिअरची पेटी आहे.

बॅटरी संपते, हा आक्षेप लिहिणाऱ्याने दोष म्हणून मांडला आहे. मला तो गेमच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण वाटतो. पेट्रोलची गाडी इंधन जळेल तशी हलकी होत जाते. ६० लिटरची टाकी रिकामी झाली की सुमारे ४५ किलो वजन उतरते आणि शेवटच्या फेऱ्या वेगवान होतात. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते. उलट ब्रेक मारताना मोटर जनित्रासारखी चालते आणि काही ऊर्जा परत मिळते, म्हणजे ब्रेक कुठे आणि किती मारायचा हा आता वेळेबरोबर ऊर्जेचाही हिशेब होतो. आमच्याकडच्या ‘स्पीड ड्रीम्स’च्या आवृत्तीत नुसती फाइल बदलून ऊर्जेची ही परतफेड जमली नाही, त्यासाठी गेमच्या कोडमध्येच हात घालावा लागला असता.

प्रत्यक्ष शर्यतीत याचे काय होते हे पाहायचे असेल तर फॉर्म्युला ई ही विजेच्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पाहावी. सप्टेंबर २०१४मध्ये बीजिंगला तिची पहिली शर्यत झाली. पहिली चार वर्षे एका बॅटरीत शर्यत पुरी होत नसे आणि चालक मध्येच उतरून दुसऱ्या गाडीत बसत. तेव्हा हा मजकूर कोणी लिहिला असता तर मी मान डोलावली असती. २०१८-१९च्या हंगामापासून मात्र एकच गाडी शेवटपर्यंत पुरते. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत जाँ-एरिक व्हर्न्यने निक कॅसिडीला शेवटपर्यंत मागे रोखून शर्यत जिंकली, आणि तीही कॅसिडीहून कमी ऊर्जा हाताशी असताना. त्या शेवटच्या फेऱ्यांत कोणाच्या इंजिनाची डरकाळी ऐकू येते याकडे माझे तरी लक्ष नव्हते. याच स्पर्धेत ‘अटॅक मोड’ नावाचा नियम आहे : चालकाने नेहमीची वाट सोडून ट्रॅकवरच्या ठरावीक पट्ट्यावरून गाडी नेली की थोडा वेळ जादा शक्ती मिळते. व्हिडिओ गेमची युक्ती खऱ्या शर्यतीने उचलली आणि आमचे मित्र म्हणतात की या गाड्या गेममध्ये शोभत नाहीत!

चार्जिंगला अर्धा तास लागतो म्हणून गेम कंटाळवाणा होईल, या वाक्याला फार वेळ देत नाही. महामार्गावरच्या बंद पडलेल्या चार्जरबद्दलचा राग मी समजू शकतो, मलाही तो एकदा भोगावा लागला आहे, पण तो गेमवर काढण्यात अर्थ नाही.

खऱ्या शर्यतीत कोणी विचारत नाही, हे तर सरळ चुकीचे आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी रस्त्यावरची पहिली गाडी विजेची होती. ‘ला जामे काँतांत’ नावाच्या त्या गाडीने एप्रिल १८९९मध्ये फ्रान्समध्ये तो टप्पा गाठला. अमेरिकेतल्या पाइक्स पीकचा घाट सुमारे २० किलोमीटरांचा, १५६ वळणांचा आणि ४,३०० मीटर उंचीवर संपणारा आहे. २०१८ साली फोल्क्सवॅगनची विजेची आयडी. आर ही गाडी रोमाँ द्युमाने ७ मिनिटे ५७ सेकंदांत वर नेली. त्याआधीचा पेट्रोल गाडीचा विक्रम ८ मिनिटे १३ सेकंदांचा होता. कारणही साधे आहे. वर हवा विरळ होते तशी पेट्रोल इंजिनाला धाप लागते, मोटरला श्वास घ्यावा लागत नाही.

जाहिरातीचा आरोप मी नाकारत नाही. पण गेममधली प्रत्येक परवानाप्राप्त गाडी ही कंपनीची जाहिरातच असते, मग ती कशावरही चालो. ‘व्हिजन ग्रॅन टुरिस्मो’ या नावाखाली २०१३पासून कंपन्या खास ‘ग्रॅन टुरिस्मो’ या रेसिंग गेमसाठी गाड्या रेखाटत आल्या आहेत आणि त्यातल्या कित्येक पेट्रोलच्याच आहेत.

राहिली जुन्या गाड्या काढून टाकण्याची भीती. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हा गेम २०२२ साली ४००हून अधिक गाड्यांसह आला आणि त्यात विजेच्या गाड्या मूठभर होत्या. ‘अस्फाल्ट ८’मध्ये टेस्लाची मॉडेल एस वर्षानुवर्षे आहे आणि तिच्यामुळे एकही फेरारी कमी झालेली नाही. गाड्या आणि अख्खे गेम नाहीसे होतात ते परवान्यांची मुदत संपल्यामुळे. डिसेंबर २०२४मध्ये ‘फोर्झा होरायझन ४’ विक्रीतून काढला गेला तो याच कारणाने, आणि त्याबरोबर पेट्रोलच्या आणि विजेच्या अशा सगळ्याच गाड्या नव्या खेळाडूंच्या हातून गेल्या.