लाल रंगाखालची हिरवी कॉर्व्हेट : अनिरुद्धरावांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अनिरुद्धराव,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. उत्तर लांबणार आहे, म्हणून ते वेगळं टाकतोय.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६७ सालची एक कॉर्व्हेट, म्हणजे अमेरिकेच्या शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार. कारखान्यातून निघाली तेव्हा बाहेरून गुडवूड ग्रीन, आतून सॅडल, म्हणजे खोगिराच्या कातड्यासारखी तपकिरी. नव्या मालकाने तिला रॅली रेड रंग दिला आणि आतलं सगळं काळं करून घेतलं. मला ते फार लागलं, आणि तसं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं : गाडी मालकाची, तेव्हा रंगही त्याच्या आवडीचा. लाल हा त्याच वर्षीच्या कंपनीच्या यादीतला रंग, मग तो ‘खोटा’ कसा? आणि हिरव्या गाडीत तपकिरी सीट ही जोडी इतकी विजोड आहे की कंपनीने ती विकलीच नसणार, मधल्या कोणीतरी सीट बदलल्या असणार.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे मतांचा प्रश्नच नाही. या गाडीत ग्लव्ह बॉक्सच्या खाली वाकून पाहिलं की डॅशबोर्डला आधार देणाऱ्या पट्टीवर रिव्हेटने ठोकलेला एक छोटा धातूचा टॅग दिसतो. १९६३ पासूनच्या कॉर्व्हेटवर तो असतो. बॉडी सेंट लुइसच्या कारखान्यात झाली की मिशिगनमधल्या आयोनियाला ए. ओ. स्मिथ कंपनीकडे, हे त्यावरच्या अक्षरावरून कळतं. त्याच टॅगवर ट्रिमचा, म्हणजे आतल्या सीट-सजावटीचा, आकडा आणि पेंटचा आकडा असतो. या गाडीच्या टॅगवर पेंट ९८३ आणि ट्रिम ४२० आहे. ९८३ म्हणजे गुडवूड ग्रीन, ४२० म्हणजे सॅडल रंगाचं व्हायनिल, म्हणजे नकली कातडं. रंगाऱ्याने मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण दाराच्या चौकटीचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं, आणि त्याच्या मागे बोटभर हिरवा पट्टा अजून तसाच होता. लालच्या कडेला तो हिरवा इतका गडद आणि खोल दिसत होता की मी तिथून लवकर हललोच नाही.

आता विजोडपणाबद्दल. आपली नजर आजच्या गाड्यांवर पोसलेली आहे : बाहेर काहीही असो, आत काळं किंवा राखाडी. कॉर्व्हेटच्या पहिल्या पंधरा वर्षांत असं नव्हतं. १९५३ साली मिशिगनमधल्या फ्लिंटला बनलेल्या सगळ्या ३०० गाड्या पोलो व्हाइट होत्या आणि सगळ्यांच्या आत लाल. पर्याय नव्हताच. १९५४ मध्ये पेनंट ब्लू आला, पण त्या निळ्याच्या आत लाल नाही, बेज दिलं गेलं. १९५६ आणि ५७ मध्ये आतले रंग दोनच, लाल आणि बेज. म्हणजे कॅस्केड ग्रीन ही फिकट हिरवी गाडी घेतली की आत बेज ठरलेलंच. १९६३ च्या स्टिंग रेमध्ये, म्हणजे त्या साली आलेल्या नव्या रूपातल्या कॉर्व्हेटमध्ये, डेटोना ब्लू हा गडद निळा रंग घेणाऱ्याला आत लालही मिळत असे आणि सॅडलही. निळ्या गाडीत लाल सीट पाहून आज लोक ‘ही कोणीतरी बिघडवलेली’ म्हणतात, पण कारखान्यानेच ती तशी दिलेली असते.

यातली एक गोष्ट मला विशेष आवडते. १९६३ मध्ये खऱ्या कातड्याच्या सीट फक्त सॅडल रंगात मिळत, ८० डॉलर ७० सेंट जास्त मोजून. सेब्रिंग सिल्व्हर रंगालाही बरोबर तेवढेच जादा पैसे पडत. त्या वर्षी बनलेल्या २१,५१३ गाड्यांपैकी फक्त १,११४ जणांनी कातडं घेतलं. म्हणजे चंदेरी किंवा निळी गाडी आणि आत तपकिरी कातडं दिसलं तर मालकाची रंगांची जाण कच्ची होती असं समजू नका. त्याला कातडं हवं होतं, आणि कातडं हवं तर सॅडल घ्यावंच लागे. जोडीमागे अशी कारणं असतात. कधी स्टायलिंग विभागाची नजर, कधी पुरवठ्याची मर्यादा, कधी गिऱ्हाइकाचा खिसा. रंग बदलला की ही कारणं वाचता येत नाहीत.

‘लालही यादीतलाच’ हा तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. १९६७ च्या यादीत दहा रंग होते आणि एकूण २२,९४० गाड्या बनल्या. त्यात सर्वाधिक खपलेला रंग कोणता? गुडवूड ग्रीन, ४,२९३ गाड्या. त्याखालोखाल मरीना ब्लू, ३,८४०. मार्लबोरो मरून ३,४६४. रॅली रेड २,३४१, म्हणजे दहातली एक गाडी. आणि टक्सीडो ब्लॅक, जो आज सगळ्यांना हवा असतो, तो सगळ्यात कमी : ८१५. आता कुठल्याही मोठ्या प्रदर्शनात जा आणि त्या वर्षीच्या लाल आणि काळ्या गाड्या मोजा. अमेरिकेतले शौकीन ज्याला ‘रिसेल रेड’ म्हणतात, त्या विक्रीसाठीच्या लाल रंगाने कित्येक हिरव्या आणि निळ्या गाड्या गिळल्या. एका मालकाने केलं तर ती त्याची आवड. शेकडोंनी केलं की १९६७ साली अमेरिकन माणसाला कुठला रंग भावत होता याचं चित्रच उलटं होतं. त्या वर्षी सगळ्यांत जास्त लोकांनी पसंत केलेला रंग आज विसंगत वाटतो आहे, अगदी तुमच्यासारख्या जाणकारालाही. मला दुःख याचं आहे.

शिवाय फोर्डच्या बाबतीत निदान कागद शिल्लक आहेत. १९६७ पासूनच्या मस्टँगचा नंबर दिला की केव्हिन मार्टी यांच्याकडच्या नोंदींतून ती कुठल्या रंगात, कुठल्या सीटसह निघाली आणि तशा किती होत्या ते कळतं. त्या काळच्या कॉर्व्हेटची अशी गाडीगणिक रंगाची नोंद मागवता येत नाही. टॅग, नशीब असेल तर पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला कागद, आणि गाडीचं स्वतःचं अंग, एवढाच पुरावा. त्यातलं अंग आपण खरवडून टाकलं तर मागे राहतं काय?

मालकाच्या हक्काबद्दल वाद नाही. त्याने पैसे मोजलेत, तो जांभळाही देऊ शकतो. जुनं ॲक्रिलिक लॅकर तडकतं, कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची असल्याने जोडांवर रेषा उमटतात, तेव्हा कधीतरी रंगकाम करावंच लागतं. माझं मागणं एवढंच की ते करताना आधी टॅग वाचा, आणि खर्च होणारच आहे तर तोच रंग आणि तीच सीट परत आणा. हिरव्यालाही तेवढाच खर्च येतो. ज्याला लालच हवी त्याच्यासाठी मुळात लाल निघालेल्या गाड्या बाजारात आहेत, त्यातली एक घ्यावी.

एका गोष्टीवर मात्र मी कडक आहे. नव्या रंगाशी जुळणारा नवा टॅग ठोकून घेणं. नकली टॅग बनवून मिळतात आणि लोक ते लावतात. रंग बदलणं ही आवड असू शकते, टॅग बदलणं ही फसवणूक आहे. त्याला दुसरं नाव देता येत नाही. या लाल गाडीच्या मालकाने टॅगला हात लावलेला नाही आणि विचारल्यावर सगळं सरळ सांगितलं, हे मागच्या लेखातही लिहिलं होतं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

तुमच्या न्यू जर्सीच्या चुलतभावाला १९६७ चीच कूपे घ्यायची आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंत. त्यांना सांगा, विक्रेत्याकडे बाहेरच्या फोटोंआधी टॅगचा फोटो मागावा, जवळून, दोन्ही रिव्हेट दिसतील असा. मग दाराच्या रबरामागे, कार्पेटच्या कडेखाली आणि ग्लव्ह बॉक्सच्या आत टॉर्च मारून रंग पाहावा. बॉनेटवर ४२७ (घन इंचांच्या मोठ्या) इंजिनाच्या गाडीवर असतो तो उंचवटा असेल तर त्यावरच्या पट्ट्याचा रंगही तपासावा. टक्सीडो ब्लॅकवर तो लाल असे, अर्माइन व्हाइटवर काळा, तर गुडवूड ग्रीनवर काळा किंवा पांढरा. फोटो आले की मला पाठवा. आकडे मी वाचून देतो, आणि टॅगवर ९८३ निघाला तर घासाघीस करायच्या आधी मला फोन करा.