मामांचं ताट वेगळं करायची काही गरज नाही

परवापासून आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. पित्तनळीत आतून रेडिएशन घेतलेला माणूस 21 दिवस किरणं सोडतो, पोरांना लांब ठेवा, भांडी वेगळी करा, मुळात ही कावीळच आहे, उतरवली की जाते, नळ्या नुसत्या बिलासाठी. मी दुर्लक्ष केलं असतं, पण तो कळव्याला मामीपर्यंत पोचला. काल गेलो तर मामा गॅलरीत एकटे, स्टीलचं ताट वेगळं घासून खुर्चीवर उपडं घातलेलं आणि नात डोंबिवलीला रवाना.

तर आधी किरणांचं. कॅन्सरच्या गाठीमुळे पित्त अडलं म्हणून मामांच्या पोटातून लिव्हरमध्ये नळी घातलीय, बाहेर पिशवी लटकते ती तिचीच. त्याच नळीतून कॅथेटर म्हणजे अजून एक बारीक पोकळ नळी आत सरकवतात, मग मशीन तारेच्या टोकावरचा इरिडियम-192 या किरणं सोडणाऱ्या धातूचा काही मिलिमीटरचा तुकडा गाठीपर्यंत नेतं, काही मिनिटं ठेवतं आणि परत स्वतःच्या जाड पेटीत ओढून घेतं. तुकडा बाहेर आला की संपलं, मामांच्या घामात नाही, उष्ट्यात नाही, कुठेच काही उरत नाही. तेवढ्या वेळात रूममध्ये कोणी थांबत नाही हे खरंय आणि फॉरवर्डवाल्याने तोच पुरावा म्हणून नाचवलाय, पण अरे, एक्सरे काढताना टेक्निशियनपण आडोशाला जातोच की, म्हणून एक्सरे काढून आलेल्याला कोणी वेगळं ताट वाढतं का?

एक अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. स्टेंट म्हणजे पित्तनळी उघडी ठेवणारी जाळीची नळी, तिला किरणं सोडणाऱ्या आयोडीन-125 च्या बारीक बिया लावलेला एक प्रकार असतो, तो आतच राहतो, त्याचं निम्मं बळ ओसरायला साधारण 60 दिवस लागतात. तो टाकला असेल तर लहान मुलं, गरोदर बाई यांच्याबद्दल डॉक्टर सांगतील ते ऐकायचं. मामांना तो टाकलेलाच नाही.

आता कावीळ उतरवण्याचं, कारण याने माणूस जाऊ शकतो. साथीची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळ घालणाऱ्याला, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवणाऱ्याला मिळतं. इथे नळीच तुंबलीय. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढरट, अंगाला खाज, हे माळेने कसं मोकळं होणार? त्यात थंडी वाजून ताप आला तर तुंबलेल्या पित्तात इन्फेक्शन असू शकतं, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं, सकाळी बघू म्हणायचं नाही.

बिलासाठी म्हणाल तर चीनमधली ट्रायल बघा, 2018 ला जर्नल ऑफ हेपॅटॉलॉजीत आलीय. ऑपरेशन न होण्यासारखे 328 पेशंट, साधा स्टेंट आणि बियांचा स्टेंट. वर्षभरात परत तुंबण्याचं प्रमाण 33 टक्के विरुद्ध 21, निम्मे पेशंट जितके दिवस तरी जगले तो आकडा 140 दिवस विरुद्ध 202. ही मामांची पद्धत नव्हे, आणि यानेसुद्धा कॅन्सर बरा होत नाही, पण नळीला आतून रेडिएशन म्हणजे लुबाडणूक असं कोणी म्हणू नये.

आणि फॉरवर्डमधलं «अणुबॉम्बचा माल» वगैरे... वाशीत ब्रिटचं, म्हणजे सरकारच्या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेचं कॉम्प्लेक्स आहे, तिथून हॉस्पिटलांना रेडिओआयसोटोप म्हणजे असे किरणं सोडणारे पदार्थ जातात, तिथले लोक संध्याकाळी लोकलनेच घरी येतात.

मामांचं पुढचं सिटिंग गुरुवारी आहे. मामी, मी उद्या डोंबिवलीला जाऊन चिऊला घेऊन येतो, तिचं ताट मामांच्या शेजारीच मांडा.